पहाट लवकर आणण्याचे उद्योग

सूर्य उगवावा म्हणून मला कधी शेजाऱ्याची मदत घ्यावी लागेल, असं वाटलं नव्हतं. माझी सगळी नोकरी वर्ध्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. म्हणजे ज्याला लोक कंट्रोलर म्हणतात आणि गाडी लागली नाही की ज्याच्या खिडकीशी येऊन भांडतात, तो मी. सूर्याशी माझा संबंध एवढाच की तो उगवायच्या आत पहिली गाडी सुटली पाहिजे. ती सुटायची. सूर्य आपला मागून सावकाश यायचा.

वेळेच्या बाबतीत मी कडक होतो, हे माझे शत्रूही सांगतील. मित्र सांगणार नाहीत, कारण त्या स्वभावामुळे ते फारसे उरले नाहीत. गिरडच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर उशिरा आला की कारण सांगायचा, "घरगुती." मी त्याला म्हणायचो, अरे टायर फुटला म्हण, रस्त्यात म्हशी बसल्या होत्या म्हण, पण घरगुती हे काही विलंबाचं कारण नाही. तो मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घरगुतीच सांगायचा.

तर असा मी, सेवानिवृत्त होऊन वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेच्या घरात बसलो आणि आमच्या जागृतीनं माझ्या हातात ते गेमचं यंत्र दिलं. जागृती आमची एकुलती एक. हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सुट्टीवर आली तेव्हा ते यंत्र टीव्हीला जोडून म्हणाली, "बाबा, तुमाले घरी करमत नाई. हे खेळत जा." बटणं असलेल्या त्या वस्तूलाही कंट्रोलर म्हणतात, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

खरं कारण करमणुकीचं नव्हतंच. खरं कारण फोनचं होतं. लेक दूर गेली की सुरुवातीला बापाजवळ बोलायला पुष्कळ असतं. मग ते कमी होत जातं. आमचं बोलणं इतकं कमी झालं होतं की "जेवली का?" "जेवली. तुम्ही?" "जेवलो." "आई?" "तिनंबी जेवलं." "बरं, ठेवते," एवढ्यात आटपायचं. एखादी चौकशी खिडकीही याहून जास्त बोलते. मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटतं हे सांगायला त्या बोलण्यात जागा नव्हती.

या खेळामुळे विषय मिळाला. खेळ म्हणजे एक मोठा थोरला मुलूख आहे. डोंगर, जंगलं, राक्षस, जादूगार आणि कुठेही फिरायची मोकळीक. मला त्यात सर्वांत काय आवडलं असेल तर रस्ते. एवढा राक्षसांचा प्रदेश, पण कुठे खड्डा नाही. जागृतीनं माझ्यासाठी लांब टोकदार कानांचा एक योद्धा बनवून दिला होता. भावनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, त्याला पाहून विचारलं, "तुमचे कान असे काऊन केले तिनं?" आणि उत्तराची वाट न बघता, "तसे तुमाले ऐकू कमीच येते म्हणा," असं म्हणून ती आत गेली. घोडाही होता. लालसर रंगाचा. त्याचं नाव मी लालपरी ठेवलं.

मग एक दिवस जागृतीचा फोन आला आणि तो चक्क लांबला. "बाबा, या रविवारी मले सुट्टी हाय. आपण दोघं संगं खेळू. पण त्याच्यासाठी तुम्ही गडाच्या आत पोचले पाह्यजे. गडात गेल्याशिवाय दोघांले एकत्र खेळता येत नाई. पुढच्या महिन्यापासून माझी रात्रपाळी लागून राह्यली, मग रविवारबी झोपण्यातच जाईन. जमन तुमाले?"

"न जमायले काय झालं?"

"रस्त्यात रात्र झाली तर झोपडीत जाऊन झोपजा. झोपलं की घड्याळ पुढं जाते. काही अडलं तर मले विचारजा."

"अडत नाई," मी म्हणालो. हे दोन शब्द मला पुढे फार महागात पडले.

गडापर्यंत मी आलो. वाटेत एक राक्षस भेटला, त्याला टाळून आलो. पण गडाच्या दाराशी पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि भाला घेतलेला पहारेकरी म्हणाला, दार पहाटे उघडेल. मी त्याच्याजवळ जाऊन पुन्हा विचारलं. तो म्हणाला, दार पहाटे उघडेल. मला तो माणूस एकदम आवडला. नियम म्हणजे नियम. त्याच्याशी वाद घालायचा विचारही मनात आणला नाही.

शेजारीच झोपडी होती. दार उघडं, आत दिवा, कोपऱ्यात अंथरलेली बाज आणि एक म्हातारी झाडू मारत होती. मी आत गेलो. ती म्हणाली, "आज वारा गार आहे." मी थांबलो. ती झाडत राहिली. मी जरा पुढे जाऊन उभा राहिलो. ती पुन्हा म्हणाली, "आज वारा गार आहे." बाजेजवळ गेलो की पडद्यावर विचारणा यायची, झोपायचं का? आता ही विचारणा यंत्र करत होतं, घरधनीण करत नव्हती. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं तर "बसा" म्हटल्याशिवाय माणूस खुर्चीवर बसत नाही. चहा पहिल्यांदा विचारला तर नको म्हणतो, दुसऱ्यांदा विचारला तर राहू द्या म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. इथे ना बसा, ना पाणी, आणि सरळ जाऊन परक्या बाईच्या बाजेवर आडवं व्हायचं? मी बाहेर आलो आणि अंगणात लालपरीजवळ उभा राहिलो.

शिवाय दुसरी गोष्ट. झोपून घड्याळ पुढे करणं म्हणजे लबाडी. पहाट आपल्या वेळेवर येईल, आपण थांबू, असं मी ठरवलं. त्या मुलखातली रात्र आपल्या दीड-दोन तासांची असते. एवढं थांबणं बस स्टँडवर उन्हाळ्या-पावसाळ्यात लोकांनी केलेलं मी पाहिलेलं आहे.

मी थांबलो, पण आमच्याकडचे दिवस मे महिन्याचे होते. दुपारी वीज गेली. आली तेव्हा यंत्र पुन्हा सुरू केलं तर मी गडाच्या दाराशी आणि सूर्य पुन्हा बुडतो आहे. रात्र जेवढी उलटली होती तेवढी रद्द. पुन्हा थांबलो, पुन्हा वीज गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या हॉलमध्ये रोज अनेकदा सूर्यास्त व्हायचा, पण सूर्योदय म्हणून होत नव्हता.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या गोपिकाबाईंनी वांगी मोजता मोजता टीव्हीकडे पाहिलं. "भाऊ, तुमचा घोडा कालबी तेथंच उभा होता. त्याले चारा-पाणी करता का नाई?" मी म्हटलं, तो खरा नाही. "तरीबी," त्या म्हणाल्या आणि दोन वांगी परत टोपलीत टाकली. त्या दिवसापासून त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहतात.

शेवटी वासुदेवराव आले. वासुदेवराव आमचे शेजारी, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही अडचण सांगा, ते आधी डोळे मिटतात आणि मग "मार्ग निघते" म्हणतात. मार्ग निघतो, पण तो बहुधा दुसऱ्याच्या अंगणातून जातो.

"प्रेमदासभाऊ, मुद्दा विजेचा हाय. माह्या घरी इन्व्हर्टर हाय. वायर टाकू."

त्यांच्या खिडकीतून, कुंपणाच्या भिंतीवरून, आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमधून अशी एक लांबलचक वायर आमच्या हॉलमध्ये आली. वीज गेली तरी टीव्ही चालू राहिला. मी वासुदेवरावांचा हात हातात घेतला. एवढ्यात पलीकडून घुर्र असा आवाज आला आणि टीव्ही बंद झाला. वीज नसल्याचं पाहून त्यांच्या सुमित्राबाईंनी इन्व्हर्टरवर मिक्सर लावला होता. त्या हातात अर्धवट वाटलेल्या मिरचीचं भांडं घेऊन कुंपणाशी आल्या.

"कोणी बंद केला माहा मिक्सर?"

"जरा थांबतेस का," वासुदेवराव म्हणाले, "पहाट होऊन राह्यली."

सुमित्राबाईंनी वर पाहिलं. दुपारचं ऊन रखरखत होतं. त्या मिरचीचा ठेचा वासुदेवरावांना सलग दोन दिवस जेवणात मिळाला, असं मला नंतर समजलं.

शनिवारी सकाळपासूनच वायर जोडून आम्ही दोघं बसलो. सुमित्राबाईंकडून मिक्सर न लावण्याचं वचन घेतलेलं होतं. वीज दोनदा गेली, पण टीव्ही हलला नाही. लालपरी उभी, मी उभा, पहारेकरी उभा. हळूहळू गडाच्या मागे आभाळ फिकट झालं. पक्षी बोलायला लागले. पूर्वेला तांबडं फुटलं. वासुदेवराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. पहारेकऱ्यानं भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि पडदा काळा होऊन त्यावर अक्षरं आली. तुमचा आजचा खेळण्याचा वेळ संपला आहे. मोठ्यांना विचारा.

"मोठ्यांले?" मी म्हणालो. "माह्यापेक्षा मोठं आता आहे कोण?"

वासुदेवरावांनी डोळे मिटले. "आजचा वेळ संपला म्हणते. म्हणजे उद्या नवा वेळ भेटन. मार्ग सरळ हाय. यंत्राची तारीख उद्याची करा."

मी नाही म्हणालो. तारखेला हात लावणं माझ्या स्वभावात नाही. पण उद्याचा रविवार डोळ्यांसमोर होता, जागृतीचा तो लांबलेला फोन कानात होता, आणि मी हात लावला. उद्याची तारीख घालून काही झालं नाही. वासुदेवराव म्हणाले, "कमी पडलं," आणि त्यांनी स्वतः बटण दाबून धरलं. महिने पळाले, वर्षं पळाली. थांबले तेव्हा आम्ही इतके पुढे गेलो होतो की माझं पेन्शन चालू असण्याचीही खात्री नव्हती. मग यंत्र म्हणालं, इंटरनेट जोडता येत नाही. मग म्हणालं, हा खेळ तुमचा आहे याची खात्री पटत नाही. आणि मग खेळ उघडेनाच.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली. फार गोड बोलत होती.

"सर, तारीख आपोआप जुळेल अशी ठेवा, खेळ उघडेल. पण हे बालखातं आहे. वेळ वाढवायचा तर पालकच वाढवू शकतात."

"कोणाचं बालखातं?"

"प्रेमदासचं. त्याला जरा फोन देता का?"

"मीच प्रेमदास बोलून राह्यलो."

"बरं. आणि पालक जागृती. त्या आपल्या कोण?"

"मुलगी."

"नाही सर, त्या पालक आहेत. पाल्य तुम्ही आहात."

"अवो बाई, मी तिचा बाप हाय! मीच तिले शाळेत घातलं!"

"असेल सर," ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "पण आमच्याकडे उलटं दिसतंय. पालकांकडे विनंती पाठवू का?"

वासुदेवराव कान लावून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "वारसाची नोंद चुकली दिसते. फेरफार घ्यावा लागन." मी त्यांना चहाचंही विचारलं नाही. ज्या माणसाच्या शिट्टीवर गाड्या हलायच्या, तो माणूस आता खेळायला अजून थोडा वेळ द्या म्हणून आपल्याच पोरीकडे अर्ज करणार होता. हातातला कंट्रोलर बाजूला ठेवला. मग म्हणालो, पाठवा.

लगेच जागृतीचा फोन आला. हसू दाबत होती, ते मला ऐकू आलं.

"बाबा, मले आता संदेश आला, प्रेमदासला आणखी वेळ हवा आहे म्हणून."

"तू मले बालखात्यात काऊन टाकलं?"

"मागं तुम्ही चुकून माह्या कार्डावर घोड्याले सोन्याचे पंख घेतलते. म्हणून."

"थे बटण मले पुढं जायचं वाटलं होतं."

"हो ना. म्हणूनच. बरं, परवानगी देते. पण पहिले जेवून घ्या."

हेच वाक्य मी तिला दहावीपर्यंत रोज म्हणत होतो. तेव्हा तिला ते किती अपमानाचं वाटत असेल, याचा अंदाज आता आला.

"पण बाबा, तुम्ही अजून दाराशीच काऊन? झोपले नाई काय त्या झोपडीत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगून टाकलं. "थे म्हातारी बस म्हणत नाई, झोप म्हणत नाई. नुसती वारा गार हाय म्हणते. मी कसा झोपू?"

ती हसायला लागली. दाबलेलं आणि न दाबलेलं सगळं एकदम. थांबायची आणि "वारा गार हाय" म्हणून पुन्हा सुरू व्हायची. मला राग आला आणि मग मलाही हसू यायला लागलं. किती दिवसांनी आम्ही दोघं एका फोनवर हसलो असू. भावना हात पुसत बाहेर आली, तिनं सगळं विचारून घेतलं आणि टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या बाईनं रातच्याला दार उघडं ठेवलं. दिवा लावला. बाज टाकून देली. वारा गार हाय, बाहेर नका राहू, असंच म्हणून राह्यली ना थे? अजून काय पाय धरावं काय तिनं तुमचे?"

हे मला सुचलं नव्हतं, हे खरं आहे. आग्रह सगळे तोंडानेच करतात असं नाही. जेवण झालं, तारीख जुळवली, पालकांची परवानगी आली, मी झोपडीत गेलो. "येतो वो बाई," असं मोठ्यानं म्हणालो आणि बटण दाबलं. योद्धा चपला न काढता बाजेवर चढला, ते मात्र मला खटकलं. पडद्यावर चंद्र सरसर खाली गेला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उजाडलं. एवढ्या वेळात किती पहिल्या गाड्या सुटल्या असतील, या विचारानं मला कसंसंच झालं. म्हातारी म्हणाली, "आज वारा गार आहे." मी म्हटलं, हो, आणि गडाकडे निघालो. दार उघडं होतं.

रविवारी संध्याकाळी जागृती गडावर आली. तिचेही कान टोकदार होते. यंत्रातून तिचा आवाज येत होता आणि तिचा घोडा लालपरीच्या शेजारी उभा होता. आम्ही सगळा गड पाहिला. एका ठिकाणी राक्षस होता, तो तिनं मारला. मी मागून सूचना दिल्या. भावना सोफ्यावर बसून "तिकडं नको जाऊ, पडशीन" असं ओरडत होती. मग आम्ही धक्क्यावर आलो. तिथून पहाटे बोट सुटते आणि पुढच्या बेटावर नेते.

"बोटीत चढलो की आजच्यापुरतं झालं, बाबा," जागृती म्हणाली. "मले उद्या लवकर उठाचं हाय. रात्र पडली आता. दोघं झोपू का इथं? म्हणजे लगेच पहाट होते."

"नको," मी म्हणालो. "थांबू."

आम्ही शेकोटीजवळ बसलो. ती ऑफिसातलं सांगत होती. तिच्या खोलीतली मैत्रीण लग्न करून चालली होती आणि आता भाड्याच्या घरात ही एकटीच राहणार होती. हे तिनं आम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. स्वयंपाक एकटीचा करावासा वाटत नाही म्हणाली. म्हणजे रोजचं ते "जेवली" काही सगळं खरं नव्हतं. मी म्हणालो, वारा गार हाय. ती हसली.

आणि एवढ्यात पूर्वेला तांबडं फुटलं. ज्या पहाटेसाठी मी आठवडाभर शेजाऱ्याची वायर, बायकोचे टोमणे आणि स्वतःची अब्रू खर्ची घातली, ती पहाट न बोलावता वेळेवर आली होती. नावाड्यानं घंटा वाजवली.

"चला बाबा, बटण दाबा. बोट सुटते."

माझा अंगठा बटणावर होता. उभ्या नोकरीत मी एकही गाडी हातानं उशीर करून सोडलेली नाही, की कधी स्वतःची गाडी चुकवली नाही. भावना माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. मी तो उचलून घेतला आणि हात मांडीवर ठेवला.

"बाबा, दाबलं का?"

"दाबून राह्यलो. लागत नाई."

बोट सुटली. पाण्यावर लांब जाऊन दिसेनाशी झाली. दोघांचे घोडे धक्क्यावर उभे होते.

"चुकली," जागृती म्हणाली. "आता दुसरी उद्याच्या पहाटे. तुम्ही दाबलंच नाई ना, बाबा? काय झालं?"

मला टायर आठवला, म्हशी आठवल्या. काही जुळेना.

"घरगुती कारण," मी म्हणालो.

मग तिच्या योद्ध्यानं शेकोटीशी येऊन माझ्या बाजूला बसकण मारली आणि ती म्हणाली, "आई, वांग्याची भाजी तू कशी करते थे सांग बरं. मले इथं तशी जमत नाई." भावना सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि तेल किती तापवायचं इथपासून सांगायला लागली. गडावर दिवस नुकताच उजाडला होता, पुढच्या बोटीला पुष्कळ वेळ होता.